हातातला जीव आणि घरातला शब्द

(बेंगळुरू येथील मराठी पालक आणि शिक्षक यांच्यापुढे अनुवादिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांना निसर्ग कसा शिकवावा यावर बोलण्याचा अधिकार वस्तुतः प्राणिशास्त्रज्ञाचा किंवा शिक्षकाचा. मी या दोहोंपैकी कोणीच नाही. मराठी साहित्य हा माझ्या अभ्यासाचा विषय, आणि निसर्गविषयक पुस्तके मराठीत आणणे हा गेल्या काही वर्षांचा व्यवसाय. परंतु या व्यवसायात एक गोष्ट फार लवकर ध्यानात येते. प्राण्याचे नाव कागदावर उतरवणे अनुवादकाच्या हाती असते. ते वाचून मुलाच्या मनात तो प्राणी उभा राहील की नाही, हे त्याच्या हाती नसते. ‘घोणस’ हा शब्द मी कितीही अचूक योजला, तरी ज्या मुलाने तो घरात कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही आणि घोणस कधी पाहिलेली नाही, त्याला तो मूळच्या इंग्रजी शब्दाइतकाच परका. शब्द आणि जीव यांची गाठ एकाच वेळी पडावी लागते. मुलाच्या डोळ्यांदेखत, आणि शक्य असेल तेथे त्याच्या तळहातावर. ही गाठ या शहरातील मराठी घरांत कशी घालून देता येईल, याचा विचार आपण आज करू.

बेंगळुरूत मराठी काल-परवा आलेली नाही. १६३८ च्या सुमारास शहाजीराजांकडे या शहराची जहागिरी आली, तेव्हापासून येथे मराठी बोलणारी घरे आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या कन्नडच्या शेजारी राहून त्यांच्या मराठीने आपले एक निराळे रूप धारण केले आहे. दुसरीकडे नोकरीच्या निमित्ताने अलीकडे पुण्या-नागपुराहून आलेली कुटुंबे आहेत. या दोन्ही प्रकारच्या घरांतील मुलाची स्थिती मात्र एकसारखी. घरी तो मराठी बोलतो, रस्त्यावर कन्नड ऐकतो आणि शाळेत इंग्रजीतून शिकतो. एकच पाखरू त्याला घरात ‘चिऊ’ म्हणून भेटते, शेजारी ‘गुब्बी’ म्हणून आणि पाठ्यपुस्तकात ‘स्पॅरो’ म्हणून. एका पाखराला तीन नावे असण्यात काहीच बिघडत नाही. उलट ती श्रीमंतीच म्हणावी लागेल. बिघडते ते निराळ्याच ठिकाणी. चिऊ-काऊच्या घासांबरोबर आलेला घरचा शब्द लहान बाळांचा, आणि ज्ञानाचा शब्द तेवढा शाळेचा, अशी वाटणी मुलाच्या मनात नकळत होऊन बसते. मग आठव्या-नवव्या वर्षी पक्ष्यांविषयी काही विचारायचे झाले, की मूल ते घरी विचारीनासे होते. आजीला पन्नास पाखरे ओळखता येतात, पण तिला ‘बर्ड्‌स’ येत नाहीत, म्हणून ती या शिक्षणाच्या बाहेर राहते.

ही अडचण आपल्या एकट्याची नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात आणि त्यांची मुले शाळेत इंग्रजीतून शिकतात. लॉस एंजेलिससारख्या शहराच्या परसांतून रात्री हिंडणारा, पोटाला पिशवी असलेला एक प्राणी आहे. इंग्रजीत त्याला ‘ओपॉसम’ म्हणतात. कोशातील स्पॅनिश शब्द ‘सारिग्वेया’. पण मेक्सिकोहून आलेल्या घरात आजी त्याला ‘त्लाकुआचे’ म्हणते, आणि हा शब्द स्पॅनिशही नव्हे, तर स्पॅनिश लोक येण्यापूर्वीपासून तेथे बोलल्या जाणाऱ्या नावात्ल भाषेचा आहे. गंमत अशी की, इंग्रजी आणि कोशातला स्पॅनिश हे शब्दही अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्याच भाषांतून उचललेले आहेत. म्हणजे प्रतिष्ठित शब्द आणि घरगुती शब्द यांचे कूळ एकच! त्या देशातील अनेक निसर्गकेंद्रांत आणि संग्रहालयांत आता दोन्ही भाषांत बोलणारे मार्गदर्शक असतात, आणि उथळ हौदातील तारामासा किंवा शिंपला मुलाला हलकेच स्पर्श करून पाहू देतात. तारामाशाची पाठ खरखरीत आहे हे बोटाला कळत असतानाच घरचा शब्द कानावर पडतो; आणि बरोबर आलेली आईही त्या संभाषणात भाग घेऊ शकते. माझ्या मते त्या योजनेतील खरी मोलाची गोष्ट ही दुसरी होय.

आपल्याकडेही या विचाराला परंपरा आहे. बालवयातील सालिम अली यांच्या हाती छऱ्याच्या बंदुकीने मारलेली एक चिमणी आली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी ते १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्गइतिहास संस्थेत गेले. तेथील डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्या मुलाला वाटेला न लावता पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. आज कोणी मुलाच्या हाती बंदूक देणार नाही, देऊही नये. परंतु प्रश्न घेऊन आलेल्या मुलापुढे कपाट उघडणारा मनुष्य आजही हवाच आहे. याच सालिम अलींनी लईक फतेहअली यांच्यासह सामान्य वाचकांसाठी लिहिलेले नेहमीच्या पक्ष्यांवरील पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६७ साली काढले. त्याआधी १९६५ साली मुंबईच्या हाफकिन संस्थेतील पी. जे. देवरस यांचे भारतीय सापांवरील पुस्तक त्याच संस्थेने प्रसिद्ध केले होते. लईक आणि जफर फतेहअली हे दांपत्य पुढे याच शहरात राहावयास आले, हे येथील अनेकांना ठाऊक असेल.

आता प्रत्यक्ष हातात कोणता जीव द्यावा, या प्रश्नाकडे वळते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातील बहुतेक प्राणी आणि पक्षी पकडण्यास व पाळण्यास मनाई केली आहे. पिंजऱ्यातला पोपटसुद्धा त्या मनाईत येतो. तेव्हा कायद्याला बाधा नाही, जिवाला इजा नाही आणि मुलालाही धोका नाही, असा प्राणी शोधावा लागतो. बेंगळुरूकरांना तो शोधायला लांब जाण्याची आवश्यकता नाही. केंद्रीय रेशीम मंडळाचे मुख्य कार्यालय याच शहरात आहे. ‘सिल्क बोर्ड’ म्हटले की आपल्याला चौकातील वाहनांची कोंडी तेवढी आठवते. त्या नावामागची अळी पाहिलेले किती जण येथे बसले आहेत, हे मी विचारीत नाही.

रेशीमकिडा हा हजारो वर्षे माणसाळलेला जीव आहे. रानात तो जगू शकत नाही. त्याच्या पतंगाला पंख असूनही उडता येत नाही. त्याची अंडी खसखशीच्या दाण्याएवढी. साधारण दहा दिवसांत त्यांतून काळ्या केसाच्या तुकड्यासारखी अळी बाहेर येते. तिला खायला तुतीचे पान लागते. पंचवीस दिवसांच्या आसपास ती वाढते, त्या अवधीत चार वेळा कात टाकते, आणि तिचे वजन जन्मवेळच्या सुमारे दहा हजार पट होते. हा आकडा पुस्तकात वाचून मुलाच्या मनावर काहीही उमटत नाही. पण खोक्यात ठेवलेल्या वीस अळ्यांना सकाळ-संध्याकाळ पाने घालण्याचे काम त्याच्याकडे दिले, की पहिल्या आठवड्यात एक पान दिवसभर पुरते आणि चौथ्या आठवड्यात फांद्याच्या फांद्या फस्त होतात, हे त्याला आपल्या पायपिटीवरून समजते. शेवटच्या दिवसांत अळ्यांच्या खाण्याचा आवाज ऐकू येतो. पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा. अळी हातावर घेतली तर ती थंड आणि मऊ लागते, आणि पोटाकडचे पाय कातडीला घट्ट धरून ठेवतात. म्हणून तिला ओढून काढू नये. पुढे पान धरावे, ती आपण होऊन त्यावर जाते. हा धडा पुस्तकातून शिकवता येत नाही.

याच ठिकाणी शब्दांचे काम सुरू होते. ‘किडा’ म्हटले की मूल हात मागे घेते, ‘अळी’ म्हटले की वाकून पाहते, असा माझा अनुभव आहे. आपल्या भाषेत अळी, कोष, पतंग हे शब्द तयार आहेत. शेजारच्या कन्नड काकू तिला ‘रेष्मे हुळ’ म्हणतील आणि तुतीला ‘हिप्पुनेरळे’. तेही शब्द मुलाने वहीत लिहावेत. कात टाकण्यासाठी अळी डोके वर करून निश्चल बसते, तेव्हा मूल घाबरून ‘ती मेली का?’ असे विचारते. अशा वेळी ‘कात टाकणे’ हा वाक्प्रचार मराठीत मुळात कोठून आला, हे सांगण्याची संधी सोडू नये. (अनुवादकाला ‘कोष’ आणि ‘कोश’ यांच्या शुद्धलेखनाची चिंता पडलेली असते, मुलाला ती पडू देऊ नये.)

काही व्यावहारिक गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. पाने ओली देऊ नयेत. रस्त्याकडेच्या झाडावर औषध मारले असण्याचा संभव असतो, म्हणून पाने खात्रीच्या जागेची असावीत. ज्या खोलीत डासांची उदबत्ती किंवा फवारा वापरला जातो, तेथे अळ्या टिकत नाहीत. म्हैसूर रस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटरवर रामनगर येथे कोषांची फार मोठी बाजारपेठ आहे. मराठवाड्यातील शेतकरीही आपले कोष घेऊन तेथे येतात. मुलाला तेथे एकदा अवश्य न्यावे. पिवळ्या-पांढऱ्या कोषांच्या राशीभोवती कन्नडच्या जोडीला आपल्या भाषेतील घासाघीसही कानावर आली, तर पुस्तकी मराठी आणि बाजारातली मराठी एकच आहेत, हे त्याच्या लक्षात येईल.

आणि तेथेच तो प्रश्न येणार, ज्याला अनेक पालक भितात. कोषातून रेशीम काढायचे तर तो आतल्या जिवासकट उष्णतेने मारून गरम पाण्यात टाकावा लागतो. पतंग स्वतः बाहेर पडला, की कोषाला भोक पडते आणि जवळजवळ हजार मीटर लांबीचा तो सलग धागा तुटतो. महिनाभर ज्याला पाने घातली, त्याचे असे होते, हे ऐकून मूल रडेल. त्याला खोटे सांगू नये, विषयही बदलू नये. आपल्या घरच्या अळ्यांचे कोष उकळायचे की पतंग निघू द्यायचे, हे त्यालाच ठरवू द्यावे. पतंग निघू दिले तर दुसरे सत्य समोर येते. पतंग काही खात नाही, त्याचे तोंड खाण्याच्या कामाचे उरलेले नसते. मादी चारशे-पाचशे अंडी घालते आणि थोड्या दिवसांत दोघेही मरतात. या दोन मरणांविषयी मूल आईशी ज्या भाषेत बोलेल, ती शाळेची भाषा असणार नाही.

गांडूळ, गोगलगाय आणि कुंडीखालचे किडे यांच्याविषयी मी विस्तार करीत नाही. हात ओला करून गांडूळ घ्यावे आणि पाच मिनिटांनी मातीत सोडावे, एवढे पुरे.

परंतु हाताने शिकणे म्हणजे प्रत्येक गोष्टीला हात लावणे नव्हे. हात कोठे थांबवायचा, हेही त्यातच येते, आणि या बाबतीत सापासारखा दुसरा शिक्षक नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील चतुर्थांशाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती. कर्नाटक सरकारने २०२४ साली सर्पदंशाची नोंद करणे रुग्णालयांना बंधनकारक केले. तेव्हा सापाचे नाव ठाऊक असणे हा येथे हौसेचा विषय नाही.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे, या चार सापांच्या विषावर आपली प्रतिसर्पविष लस चालते. मराठी मुलाला ही चार नावे यावीतच. पण बेंगळुरूत राहणाऱ्याला कन्नड नावेही यावीत, कारण संकटकाळी मदतीला येणारा शेजारी ती वापरणार. नागाला ‘नागरहावु’, मण्यारीला ‘कट्टु हावु’, घोणशीला ‘कोळकु मंडल’, फुरश्याला ‘गरगस मंडल’. ‘गरगस’ म्हणजे करवत. फुरसे डिवचले गेले की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करते. कन्नड नावाने ती खूण नेमकी पकडली आहे. ‘कट्टु’मध्ये मण्यारीच्या अंगावरील पांढऱ्या पट्ट्यांचा निर्देश दिसतो. येथे एक बारकावा प्राण वाचवणारा आहे. बिनविषारी कवड्या सापालाही पांढरे पट्टे असतात, आणि मण्यार समजून तो सर्रास मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक असतात आणि शेपटीकडे फिके होत जातात. मण्यारीचे याच्या उलट. अर्थात ही खूण चित्रावरून किंवा सर्पोद्यानातील काचेआडून शिकावी. अंथरुणाशेजारी साप दिसल्यावर पट्टे मोजत बसू नये. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा वेदना जवळजवळ होत नाही, हे मात्र प्रत्येक मुलाला सांगून ठेवावे.

धामणीला कन्नडमध्ये ‘केरे हावु’ म्हणतात. येथे एक मौज आहे. तळ्यालाही कन्नड शब्द ‘केरे’च ऐकू येतो, परंतु सापाच्या नावातील ‘के’ दीर्घ आणि तळ्याच्या नावातील ‘के’ ऱ्हस्व. आपल्या मराठी लिपीत ऱ्हस्व ‘ए’साठी निराळी खूण नाही, त्यामुळे लिहून ठेवले तर धामण तळ्यात राहणारी ठरते! असे शब्द कानानेच शिकावे लागतात, आणि त्यासाठी शेजाऱ्याशी बोलावे लागते.

सापाशी हाताने होणाऱ्या ओळखीचा विषय महाराष्ट्रात अद्याप वादाचा आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे नागपंचमीला जिवंत नाग पकडून पूजण्याची जुनी चाल होती. कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे ती थांबली. २०२५ साली केंद्र सरकारने पारंपरिक ज्ञान पुढच्या पिढीला मिळावे या कारणास्तव ठरावीक व्यक्तींना मर्यादित संख्येने नाग पकडण्याची सशर्त परवानगी दिली. शिराळ्याच्या माणसांना सापाची जी जाण आहे ती खरी आहे, आणि ती हरवू नये, असे मलाही वाटते. परंतु मिरवणुकीतील नाग गर्दीला काय शिकवतो? दूध हे सापाचे अन्न नाही, हे तरी तो सांगतो काय? नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली पुण्याजवळ काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढले. साप विनाकारण चावत नाही, हे लोकांना दाखवावे हा त्यामागचा हेतू होता. त्या प्रयोगाला जमलेली गर्दीही तमाशाच पाहायला आली असेल. पण पुढे १९८६ साली त्यांच्याच प्रयत्नांनी कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले, आणि पुण्यातील मुलांच्या अनेक तुकड्या तेथे सापांची मराठी नावे शिकून गेल्या. ज्ञान द्यायचे असेल तर गर्दी पांगल्यावर काय उरते, ते पाहावे लागते. शिराळ्याच्या जाणत्यांनी नाग न पकडता, शेताच्या बांधावर मुलांना बिळे, काती आणि माग दाखवले, तर ते अधिक शिकवतील, असे माझे मत आहे. त्यावर मतभेद होऊ शकतो.

बेंगळुरूतच, जेथे झाडांचे माथे एकमेकांना भिडलेले उरले आहेत तेथे, रात्री लोरिस हिंडतो. मराठीत त्याला ‘लाजवंती’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘काडु पापा’, म्हणजे रानातले बाळ. त्याला हात लावायचा नाही, प्रखर उजेडही दाखवायचा नाही. तांबड्या कागदातून गाळलेल्या मंद प्रकाशात दोन डोळे चमकलेले पाहायचे आणि परतायचे. बनेरघट्ट्याच्या फुलपाखरू उद्यानात, जे २००६ साली सुरू झाले, फुलपाखरू आपण होऊन मुलाच्या बाहीवर बसेल तर बसेल. ब्लू मॉर्मन या फुलपाखराला महाराष्ट्राने २०१५ साली राज्य-फुलपाखराचा मान दिला; ‘राणी पाकोळी’ आणि ‘नीलवंत’ अशी दोन्ही मराठी नावे त्याला चालतात. नवी नावे करणे वाईट नाही, ती रुळली पाहिजेत. मारुती चितमपल्ली यांनी कावळ्यांच्या वसाहतीसाठी ‘काकागार’ आणि रात्रीच्या वस्तीसाठी ‘रातनिवारा’ हे शब्द मराठीला दिले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. रानात राहणाऱ्या माणसांच्या तोंडचे शब्द त्यांनी आयुष्यभर गोळा केले, म्हणून त्यांनी घडवलेले शब्दही घरचे वाटतात. सभागृहात बसून केलेल्या परिभाषेला हे क्वचितच साधते.

तेव्हा माझी सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक मुलाने एक वही करावी. पानावर प्राण्याचे स्वतः काढलेले चित्र. खाली घरचे नाव, शेजारचे नाव, शाळेचे नाव. आणि तो कोठे, केव्हा, कोणाबरोबर पाहिला याची नोंद. घरचे नाव आईला ठाऊक नसेल तर गावाकडे फोन करून आजीला किंवा मामाला विचारावे. कोल्हापूरकडचे नाव आणि अमरावतीकडचे नाव निराळे निघाले तर दोन्ही लिहावीत; ती वही तपासताना शिक्षकांनी त्यांवर लाल रेघ मारू नये. प्रमाण शब्द कोणता, हे ठरवण्याचे काम आम्हा अनुवादकांसाठी राहू द्यावे.

अळ्यांची अंडी कोठून मिळवावीत आणि तुतीची फांदी कुंडीत कशी लावावी, हे ज्यांना विचारायचे असेल त्यांनी थोडे थांबावे. फांद्या मी बरोबर आणल्या आहेत. त्या दाराशी बादलीत ठेवल्या आहेत.